काचबिंदूचे थेंब टाकूनही दिसण्यात फरक पडत नाही, मग ते का आणि कसे टाकायचे?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू असल्याचं सांगितलं. चिठ्ठीवर थेंबांचं औषध लिहून दिलं. रोज रात्री झोपताना, दोन्ही डोळ्यांत एक-एक थेंब. पहिले काही दिवस सगळं आठवणीने झालं. महिना उलटला, पण दिसण्यात काहीच फरक नाही. जेवढं आधी दिसत होतं तेवढंच आताही दिसतंय. उलट थेंब टाकला की डोळा चुरचुरतो, लाल होतो. मग एक दिवस बाटली संपते आणि नवी आणायची राहून जाते.

काचबिंदूचा उपचार बहुतेक वेळा इथेच फसतो. 'फरक पडत नाही' ही तक्रार खरी असते, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा असतो. कारण फरक न पडू देणं, म्हणजेच आज जेवढी नजर आहे तेवढी टिकवणं, हेच या थेंबांचं काम आहे. गेलेली नजर ते परत आणू शकत नाहीत.

हे औषध नेमकं काय करतं, थेंब टाकण्याची योग्य पद्धत कोणती, कोणत्या चुका महागात पडतात आणि बाटली किती दिवस वापरायची, हे समजून घेऊया.

काचबिंदू म्हणजे नेमकं काय?

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावं सारखी वाटतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग धूसर होतं. ऑपरेशन करून नवं भिंग बसवलं की बहुतेकांना पुन्हा स्पष्ट दिसू लागतं. त्यामुळे 'पिकू द्या, मग बघू' असं म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे.

काचबिंदूला हा हिशोब लागू होत नाही. यात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते. बोलीभाषेत आपण 'डोळ्याची नस सुकली' म्हणतो, ते हेच. सुकलेली नस पुन्हा हिरवी होत नाही. कायमचं अंधत्व आणणाऱ्या आजारांमध्ये जगभरात काचबिंदू पहिल्या क्रमांकावर आहे. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १० लाखांहून जास्त लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे.

नस खराब होण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे डोळ्याच्या आतला वाढलेला दाब. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर जात असतो. रडताना येणाऱ्या अश्रूंशी त्याचा संबंध नाही. घरातल्या मोरीचं उदाहरण घ्या. वरून नळ चालू आहे आणि खालची जाळी तुंबली, तर पाणी साचणारच. डोळ्यात तसं झालं की दाब वाढतो आणि मागच्या नसेवर ताण येतो.

हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ हा नेहमीचा आकडा मानला जातो. पण काहींची नस २१ च्या आतल्या दाबालाही खराब होते, तर काहींची २५ वर असूनही बराच काळ टिकते. म्हणून प्रत्येक पेशंटसाठी किती दाब चालेल, हे डॉक्टर वेगळं ठरवतात. शेजाऱ्याचा आकडा आणि आपला आकडा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग कळत का नाही?

कारण नेहमी आढळणाऱ्या काचबिंदूत दुखत नाही आणि सुरुवातीला समोरचं स्पष्ट दिसत राहतं. नजर बहुधा कडेकडेने जाते. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो, उरलेली पोकळी मेंदू अंदाजाने भरतो. पेपर वाचता येतो, मोबाइल दिसतो. मात्र दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागतो, जिन्याची पायरी चुकते किंवा बाजूने आलेली दुचाकी अचानक समोर उगवल्यासारखी वाटते. हे लक्षात येईपर्यंत नसेचं बरंच नुकसान झालेलं असतं.

दक्षिण भारतात घरोघरी जाऊन झालेल्या पाहण्यांमध्ये ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांतल्या १० पैकी ९ हून जास्त लोकांना तो आपल्याला आहे हेच माहीत नव्हतं. म्हणजे ज्याच्या हातात थेंबांची बाटली आहे, तो एका अर्थाने वेळेत सापडलेला माणूस आहे.

थेंबांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि तो मोजलेला आहे.

अमेरिकेत डोळ्याचा दाब जास्त पण नस शाबूत असलेल्या १,६३६ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना थेंब दिले, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवलं. पाच वर्षांनी थेंब न घेणाऱ्यांत काचबिंदू होण्याचं प्रमाण ९.५ टक्के होतं, थेंब घेणाऱ्यांत ४.४ टक्के. म्हणजे धोका निम्म्याहून खाली आला.

काचबिंदू आधीच झालेल्यांचं काय? ब्रिटनमध्ये ५१६ पेशंटवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आला. काहींना लॅटानोप्रोस्ट हे औषध असलेले थेंब दिले, काहींना औषध नसलेले, पण दिसायला तसेच थेंब दिले. दोन वर्षांत औषध नसलेल्या गटात १०० पैकी साधारण २६ जणांची नजर आणखी कमी झाली, औषधाच्या गटात १५ जणांची.

या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. थेंबांनी बऱ्याच लोकांची नजर वाचते. पण थेंब टाकूनही काहींची नजर कमी होत राहते, म्हणून नियमित तपासणी चुकवता येत नाही. दाब उतरलाय का, नस कशी आहे, कडेचं किती दिसतंय, हे घरबसल्या कळत नाही. त्यासाठी दाब मोजणं, नसेचं स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी लागते. औषध पुरत नसेल तर डॉक्टर ते बदलतात, दुसरं जोडतात किंवा लेझर अथवा ऑपरेशन सुचवतात.

बाटलीवरचं बारीक अक्षर का वाचायचं?

मोठ्या अक्षरात ब्रँडचं नाव असतं. खरं औषध त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचा किंवा घरातल्या कुणाला तरी वाचायला सांगा. काचबिंदूच्या थेंबांमध्ये नेहमी दिसणारी औषधं ही:

- लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट: द्रव बाहेर जाण्याची वाट मोकळी करतात. बहुधा दिवसातून एकदा, संध्याकाळी किंवा रात्री. यांनी डोळा लाल होऊ शकतो, पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची त्वचा काळसर होऊ शकते. घाऱ्या डोळ्यांचा रंग कायमचा गडद होऊ शकतो.
- टिमोलॉल: द्रव तयार होण्याचं प्रमाण कमी करतं, म्हणजे वरचा नळ बारीक करतं. दमा किंवा मंद नाडी असलेल्यांसाठी धोक्याचं ठरू शकतं.
- डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड: हेही नळ बारीक करतात. थेंबानंतर तोंड कडू होऊ शकतं. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं.
- ब्रिमोनिडीन: नळ बारीक करतं आणि वाटही मोकळी करतं. तोंड कोरडं पडणं, झोप येणं, काही महिन्यांनी डोळ्याला ॲलर्जी होणं असे त्रास होऊ शकतात. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी हे अत्यंत धोकादायक आहे, त्यामुळे बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

बऱ्याच बाटल्यांत यांतली दोन औषधं एकत्र असतात. त्यामुळे 'मी टिमोलॉल घेत नाही' असं वाटत असलं तरी ते जोडऔषधात असू शकतं. लेबल वाचायचं ते यासाठीच.

डोळ्यात टाकलेलं औषध छातीपर्यंत कसं पोचतं?

थेंब टाकल्यावर काही वेळाने घशात कडू लागतं, हा अनेकांचा अनुभव आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात बारीक छिद्रं असतात. अश्रू तिथून नाकात उतरतात. रडताना नाक वाहतं ते याच वाटेमुळे. औषधही त्याच वाटेने नाकात जातं आणि तिथून थेट रक्तात मिसळतं. गोळी पोटातून लिव्हरमार्गे जाते, तिथे तिचा काही भाग मोडला जातो. नाकातून गेलेल्या औषधाला तो टप्पा लागत नाही.

टिमोलॉलच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्या माणसाला या थेंबांमुळे धाप लागू शकते. नाडी आधीच मंद असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांचा काही आजार असेल तर ती आणखी मंद होऊ शकते, चक्कर येऊ शकते. डायबेटिस असलेल्यांमध्ये साखर अचानक उतरल्यावर होणारी धडधड या औषधामुळे लपू शकते.

अडचण अशी होते की डोळ्यांच्या डॉक्टरांना पेशंट दम्याबद्दल सांगत नाही, कारण 'डोळ्याचा आणि दम्याचा काय संबंध'. आणि छातीच्या डॉक्टरांना थेंबांबद्दल सांगत नाही, कारण 'ते काय, नुसते ड्रॉप्स आहेत'. दोघांनाही दोन्ही सांगा. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील, तर तेही सांगा.

थेंब टाकायचा कसा?

अमेरिकेतल्या एका अभ्यासात काचबिंदूच्या जुन्या, सवयीच्या पेशंटना थेंब टाकताना व्हिडिओवर टिपलं. बाटलीचं टोक कुठेही न टेकवता, नेमका एक थेंब डोळ्यात टाकणं १० पैकी जेमतेम ४ जणांना जमलं. कित्येकांचा थेंब गालावर पडला होता आणि तरी तो डोळ्यात गेल्याचं त्यांना वाटत होतं. तेव्हा 'इतकी वर्षं टाकतोय, त्यात काय शिकायचं' असं म्हणू नका.

1. साबणाने हात धुवा. उजेडात बाटलीवरचं नाव वाचा. कानाचे थेंब आणि चटकन चिकटवणारा गोंदही अशाच छोट्या बाटल्यांत येतात. डोळ्यांची बाटली त्यांच्यासोबत एका डब्यात ठेवू नका.
2. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा. थेंबानंतर किमान १५ मिनिटांनी पुन्हा लावा.
3. 'हलवून वापरा' असं लिहिलेलं असेल तर बाटली नीट हलवा. ब्रिन्झोलामाइड हे असंच औषध आहे.
4. खुर्चीत बसून मान मागे टाका किंवा आडवे व्हा.
5. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढा. तिथे छोटा खिसा तयार होतो. थेंब त्या खिशात पडायला हवा.
6. बाटली डोळ्याच्या वर धरा. तिचं टोक डोळा, पापणी, केस किंवा बोट यांपैकी कशालाही टेकू देऊ नका. टेकलं तर जंतू बाटलीत जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब ते डोळ्यात नेतो.
7. वर छताकडे बघा आणि एकच थेंब पाडा.
8. डोळा अलगद मिटा. घट्ट आवळू नका, उघडझाप करू नका. नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने हलका दाबून एक ते दोन मिनिटं थांबा.
9. पापणीवर किंवा गालावर आलेलं औषध स्वच्छ कापडाने टिपून घ्या. त्वचा काळसर होणं त्याने कमी होतं. नंतर पुन्हा हात धुवा.

आठवी पायरी बहुतेक जण गाळतात. पण नाकाकडची वाट बंद राहिली की औषध डोळ्यात जास्त वेळ टिकतं आणि रक्तात जाणारं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. दोन मिनिटांत औषधाचा फायदा वाढतो आणि त्रास कमी होतो.

हात थरथरत असतील तर बाटली धरलेला हात कपाळावर किंवा गालावर टेकवा. आडवं होऊन टाकणं आणखी सोपं जातं. थेंब पडला की नाही हे कळत नसेल आणि लेबलवर फ्रिजमध्ये ठेवायला मनाई नसेल, तर बाटली गार ठेवा. गार थेंब डोळ्यात पडला की लगेच जाणवतो. संधिवातामुळे बाटली दाबताच येत नसेल, तर घरातल्या एकाने ती जबाबदारी कायमची घेतलेली बरी.

एकाऐवजी दोन थेंब टाकले तर?

औषध वाया जातं. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. पापणीच्या खिशात जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतात. म्हणजे पहिल्याच थेंबातला काही भाग बाहेर ओघळतो. दुसऱ्याला जागाच नसते. पहिला थेंब गालावर पडला असेल तरच पुन्हा टाका.

दिवसातून जास्त वेळा टाकण्याचाही फायदा नाही. लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा टाकलं तर त्याचा दाब कमी करण्याचा परिणाम उलट घटू शकतो.

दोन वेगळ्या बाटल्या असतील तर एक टाकल्यावर किमान ५ मिनिटं थांबा. लगेच दुसरं टाकलं तर ते पहिल्याला धुऊन काढतं. जेल किंवा मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.

बाटली किती दिवस चालते?

सील फोडल्यावर बहुतेक बाटल्या सुमारे ४ आठवडे वापरायच्या असतात. काही औषधांना याहून वेगळी मुदत असते, ती लेबलवर दिलेली असते. छापलेली एक्स्पायरी बंद बाटलीची असते, उघडलेल्या बाटलीची नव्हे. म्हणून सील फोडताच बाटलीवर पेनाने तारीख लिहा. मुदत संपली की आत थेंब उरले असले तरी ती टाकून द्या.

लॅटानोप्रोस्टच्या अनेक बाटल्या उघडण्यापूर्वी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. मेडिकलवाल्याने बाटली फ्रिजमधून काढून दिली तर घरीही फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उघडल्यावर २५ अंशांपर्यंतचं तापमान चालतं असं त्यांच्या लेबलवर असतं. विदर्भातल्या मे महिन्यात घरातलं तापमान याच्या कितीतरी वर जातं, तेव्हा उघडलेली बाटलीही फ्रिजमध्ये ठेवता येईल का, ते मेडिकलवाल्याला विचारून घ्या. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात ठेवलेल्या पिशवीत बाटली कधीच ठेवू नका.

आता एक सोपा हिशोब. लॅटानोप्रोस्टच्या अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रोज एक-एक म्हणजे महिन्याला ६०. वीसेक थेंब चुकलेल्यांसाठी शिल्लक. ही बाटली १५-२० दिवसांतच संपत असेल तर बरेच थेंब डोळ्याबाहेर पडताहेत. दोन महिने पुरत असेल तर बरेच दिवस थेंब टाकायचेच राहताहेत. घरात कुणी औषध नीट घेतंय का, हे विचारत बसण्यापेक्षा बाटलीवरची तारीख बघितलेली बरी.

थेंब टाकायचा राहिला तर?

आठवलं की टाका. पुढच्या थेंबाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. राहिल्याची भरपाई म्हणून दुप्पट टाकू नका.

राहतो का, हा खरा प्रश्न आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९६ पेशंटना थेंब मोफत दिले, वर 'तुम्ही कधी टाकता याची यंत्रात नोंद होते' हेही सांगितलं. तरी तीन महिन्यांत जवळपास ४५ टक्के लोकांनी ठरलेल्या थेंबांपैकी पाऊणही टाकले नाहीत. तपासणीची तारीख जवळ आली की मात्र नियमितपणा वाढत होता.

ही शेवटची गोष्ट फसवी आहे. तपासणीच्या आधी आठवडाभर नीट थेंब टाकले तर त्या दिवशी दाब चांगला दिसतो. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडतंय. प्रत्यक्षात मधले महिने नस ताणाखालीच असते. याच्या उलट, थेंब टाकले नसताना दाब जास्त निघाला आणि ते सांगितलं नाही, तर डॉक्टर विनाकारण आणखी एक औषध वाढवतात. 'राहून गेले' हे सांगायला लाजण्याचं कारण नाही. तपासणीच्या दिवशीही, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, थेंब नेहमीप्रमाणे टाका.

आठवण राहण्यासाठी थेंब रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला जोडा. देवापुढे दिवा लावल्यावर, रात्री दात घासल्यावर किंवा मोबाइल चार्जिंगला लावताना. मोबाइलमध्ये अलार्म लावा. लग्नाला, गावच्या जत्रेला, वारीला निघताना बाटली पिशवीत आहे ना ते बघा आणि बाटली संपायच्या आठवडाभर आधीच नवी आणून ठेवा. उपवासाच्या दिवशी गोळ्या टाळणारे थेंबही टाळतात. नस मात्र उपवास पाळत नाही.

हे मात्र डोळ्यात टाकू नका

२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती. अशा वेळी लोक थेट मेडिकलमधून 'डोळे लाल झालेत, काहीतरी द्या' म्हणून थेंब आणतात. त्यातल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन ही त्यांची नावं. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज झटपट कमी होते, म्हणून बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते. पण काही लोकांत त्याने डोळ्याचा दाब वाढतो आणि बरेच दिवस वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या लहान मुलांच्या बाबतीत हा धोका विशेष लक्षात ठेवा. ज्यांना आधीच काचबिंदू आहे किंवा ज्यांच्या घरात तो आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे थेंब हातातही घेऊ नयेत. स्टेरॉइड थेंबांचा डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोग असतोच. ते स्वतःहून सुरू करू नयेत, तसेच डॉक्टरांनी दिलेले असतील तर स्वतःहून बंदही करू नयेत.

मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस असे घरगुती उपाय डोळ्याचा दाब उतरवत नाहीत. उलट त्यातून डोळ्यात जंतू जाऊ शकतात. दुसऱ्याच्या बाटलीतले थेंबही टाकू नका, आजार तोच असला तरी.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी जायचं?

थोडी चुरचुर आणि हलकी लाली अनेकांना होते. ती सहन होत नसेल तर थेंब बंद न करता डॉक्टरांना फोन करा. औषध बदलता येतं. बाटलीतल्या जंतुरोधक घटकाचा त्रास होत असेल तर तो नसलेले थेंबही मिळतात. पण पुढचं काही झालं तर वाट बघू नका:

- डोळा अचानक खूप दुखणं, डोकं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, धूसर दिसणं. दाब एकदम वाढणाऱ्या काचबिंदूची ही लक्षणं आहेत. काही तासांत नजर जाऊ शकते. ॲसिडिटी किंवा मायग्रेन समजून घरी थांबू नका.
- थेंब सुरू केल्यावर धाप लागणं, छातीत घरघर, नाडी फार मंद होणं, भोवळ येणं.
- पापण्या सुजणं, डोळ्यातून पू येणं.
- नजर अचानक कमी झाल्यासारखी वाटणं.

आयुष्यभर थेंबच का? खर्चाचं काय?

सगळ्यांना थेंबच लागतात असं नाही. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीलाच लेझर केलेल्या पेशंटपैकी साधारण ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांशिवाय आटोक्यात होता. लेझर प्रत्येक प्रकारच्या काचबिंदूत चालत नाही आणि त्याचा परिणाम कालांतराने ओसरू शकतो. तरी 'मला लेझर चालेल का' हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

दरमहा बाटली घेणं जड जात असेल तर तेही स्पष्ट सांगा. टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांच्या स्वस्त जेनेरिक बाटल्या मिळतात. जनऔषधी केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात आपलं औषध मिळेल का, हे विचारता येतं. डॉक्टर चिठ्ठी बदलून देऊ शकतात. पैसे नाहीत म्हणून गुपचूप थेंब बंद केले, तर त्याची किंमत नजरेने मोजावी लागते.

घरच्यांसाठी दोन कामं

पहिलं काम तपासणीचं. आई, वडील, भाऊ किंवा बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर बाकीच्यांना तो होण्याचा धोका जास्त असतो. फक्त चष्म्याचा नंबर तपासून तो कळत नाही. दाब आणि नस तपासून घ्यायला हवी, विशेषतः चाळिशीनंतर.

दुसरं काम पुढच्या भेटीचं. जाताना बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर किंवा नर्ससमोर एकदा थेंब टाकून दाखवायला सांगा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त होईल. आणि आज घरी गेल्यावर फ्रिजच्या दारातली ती छोटी बाटली उचलून बघा. तिच्यावर सील फोडल्याची तारीख लिहिलेली नसेल, तर सुरुवात तिथून करा.